डिफ्युजन एमआरआय: किती पुसायचं, कुठं थांबायचं

किनवटहून नांदेडला किंवा निलंग्याहून लातूरला एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आणतात, तेव्हा डॉक्टरांना आधी दोन गोष्टी कळायला हव्या असतात. मेंदूत रक्तस्राव झालाय का, आणि झाला नसेल तर रक्तपुरवठा नेमका कुठं तुटलाय. पहिल्याचं उत्तर सीटी स्कॅन देतो. दुसऱ्याचं उत्तर सुरुवातीच्या तासांत सर्वांत खात्रीनं देतो तो एमआरआयचा एक छोटा भाग, डिफ्युजन. तो दोनेक मिनिटांत उरकतो. पडद्यावरच्या करड्या मेंदूत एक पांढरा डाग उमटतो आणि रेडिओलॉजिस्ट म्हणतात, ‘डिफ्युजन पॉझिटिव्ह आहे.’

हे चित्र जवळून पाहिलं तर बाकीच्या एमआरआयच्या मानानं खडबडीत आणि दाणेदार दिसतं. कडा धूसर, कपाळामागचा भाग ओढल्यासारखा, आणि सगळीकडे बारीक दाणे. संगणकाला सांगितलं की हे दाणे क्षणात पुसले जातात, चित्र गुळगुळीत होतं आणि डोळ्यांना बरंही वाटतं. मात्र दाण्यांबरोबर आणखी काय पुसलं गेलं हे त्या गुळगुळीत चित्रावरून कळत नाही. पुसण्याला आपण सफाई म्हणतो, खरं तर तो एक निर्णय असतो. त्यात शांतता मिळते आणि जागेचा नेमकेपणा जातो. हा सौदा परवडतो का, हे चित्र कशासाठी काढलं यावर ठरतं.

पाणी किती फिरलं

मेंदूत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. त्या पाण्याचे रेणू शरीराच्या उष्णतेमुळे सतत वेडेवाकडे भटकत असतात. भौतिकशास्त्रात याला विसरण म्हणतात. मोकळ्या पाण्यात, ३७ अंश तापमानाला, एक रेणू ५० मिलिसेकंदांत कुठल्याही एका दिशेनं सरासरी १७ मायक्रॉन सरकतो. मेंदूच्या ऊतीत पेशींची आवरणं आणि तंतू आडवे येतात, म्हणून तिथं हे अंतर साधारण ९ मायक्रॉनवर येतं. मज्जातंतूंच्या जुडग्यात आणखी एक गंमत असते. तंतूंच्या लांबीनं पाणी सहज सरकतं, आडवं जायला त्याला त्रास होतो. म्हणजे पाण्याची भटकंती वेगवेगळ्या दिशांनी मोजली तर तंतू कुठून कुठं धावतात याचा माग काढता येतो.

ही भटकंती मोजण्याची युक्ती एडवर्ड स्टेज्स्कल आणि जॉन टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडली. चुंबकीय क्षेत्राचा एक उताराचा ठोका देऊन प्रत्येक रेणूवर त्याच्या जागेची खूण करायची आणि थोड्या वेळानं दुसरा ठोका देऊन ती पुसायची. रेणू जागचा हलला नसेल तर खूण पूर्ण पुसली जाते. तो सरकला असेल तर हिशोब जुळत नाही आणि यंत्राला मिळणारा संदेश तेवढा क्षीण होतो. फ्रान्सच्या देनी ले बिहान यांनी १९८६ मध्ये या युक्तीला माणसाच्या मेंदूच्या चित्राचं रूप दिलं. १९९० मध्ये मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूत रक्तवाहिनी बंद करून पाहिलं. बाकीच्या एमआरआयवर काहीच दिसत नव्हतं तेव्हा, ४५ मिनिटांच्या आत, डिफ्युजनवर इजा दिसली. रक्त बंद झालं की पेशींचे पंप थांबतात, पेशी फुगतात आणि पाण्याची वाट अडते. मग १९९४ मध्ये अमेरिकेत पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ले बिहान यांनी दिशांचा हिशोब मांडणारी टेन्सर पद्धत दिली. तंतूंच्या वाटा रेखाटणारी रंगीत चित्रं त्यातून आली.

आता आकडे पाहू. स्ट्रोकसाठी ठोक्याची ताकद साधारणपणे ‘बी १०००’ इतकी ठेवतात. तेवढ्या ठोक्यानंतर निरोगी मेंदूच्या ऊतीतून मूळ संदेशाच्या ४५ टक्के उरतो. मेंदूभोवतीच्या मोकळ्या द्रवातून जेमतेम ५ टक्के. ताज्या स्ट्रोकमध्ये पाणी अडलेलं असतं, म्हणून तिथं ६५ टक्क्यांच्या आसपास उरतो आणि डाग पांढरा दिसतो. याचा अर्थ असा की संदेश कमी होणं हीच इथं माहिती आहे. बाकीच्या एमआरआयमध्ये संदेश जितका जास्त तितकं चांगलं. डिफ्युजन मात्र संदेश मुद्दाम मारूनच काम करतं. हे चित्र जन्मतःच अशक्त असतं.

दाणे येतात कुठून

एमआरआयच्या बोगद्यात झोपलेल्या माणसाला जी ठकठक ऐकू येते, तिचा या दाण्यांशी संबंध नाही. ती चुंबकीय उतार बदलणाऱ्या कॉइलची थरथर असते. चित्रातला नॉइज बहुतांशी रुग्णाच्या शरीरातूनच येतो. शरीर म्हणजे उबदार खारं पाणी. त्यातले क्षारांचे कण उष्णतेनं हलतात आणि डोक्याभोवतीच्या कॉइलमध्ये अत्यंत सूक्ष्म, कसलाही क्रम नसलेली वीज उठवतात. तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली खोली बाहेरच्या रेडिओलहरी अडवते. रुग्णाच्या अंगातली ही वीज कुठलाच पत्रा अडवू शकत नाही.

हा नॉइज कमी करण्याचे मार्ग मोजकेच आहेत आणि प्रत्येकाला किंमत आहे. चुंबक १.५ टेस्लाऐवजी ३ टेस्लाचा घ्या. संदेश सुमारे दुप्पट होतो, पण यंत्र महाग आणि हाडांजवळच्या हवेच्या पोकळ्यांपाशी चित्र जास्त वाकतं. मोजमाप पुन्हा पुन्हा करून सरासरी घ्या. मात्र सरासरीचा फायदा वर्गमुळानं मिळतो. दाणे निम्म्यावर आणायला चौपट वेळ लागतो. नाही तर चित्राचा एकेक घनकण, म्हणजे व्हॉक्सेल, मोठा ठेवा.

या शेवटच्या पर्यायाचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. ३ मिलिमीटर बाजूच्या व्हॉक्सेलमध्ये २७ घन मिलिमीटर मेंदू असतो, २ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये ८. बाजू एका मिलिमीटरनं कमी केली की संदेश तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. तो सरासरीनं भरून काढायचा तर सव्वाअकरा पट वेळ हवा. दोन मिनिटांचं काम तेवीस मिनिटांवर जातं. लकवा मारलेला, घाबरलेला, कधी अर्धवट शुद्धीतला माणूस तेवीस मिनिटं डोकं न हलवता पडून राहणार नाही. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी स्ट्रोकसाठी काढलेलं डिफ्युजन जाड थरांचं, मोजक्या दिशांचं आणि दाणेदार असतं. घाई असताना तेच योग्यही असतं.

एक फरक इथंच करायला हवा. डोकं हलल्यामुळे आलेले पट्टे, कपाळामागचा ताण, खोलीत शिरलेल्या रेडिओलहरीची चित्रभर धावणारी रेघ, यांना क्रम असतो. त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. दाणे पुसून चित्र गुळगुळीत करणं, म्हणजे स्मूदिंग, या दोषांना दुरुस्त करत नाही. ते त्यांना फक्त पसरवून ओळखता न येण्याजोगं करतं.

खोटा तळ

आता या विषयातली सर्वांत फसवी गोष्ट. क्रम नसलेला नॉइज कधी संदेशात भर घालतो, कधी घट करतो, म्हणून सरासरी घेतली की तो फिटतो, असं आपण गृहीत धरतो. एमआरआयमध्ये हे अर्धंच खरं आहे. यंत्र प्रत्येक ठिकाणी दोन आकडे मोजतं आणि त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून एकच आकडा पडद्यावर टाकतं. वर्गमूळ कधी ऋण येत नाही. त्यामुळे जिथं संदेश शून्य आहे तिथंही आकडा शून्य येत नाही. नॉइजची ताकद १ धरली तर निव्वळ रिकाम्या जागेत सरासरी १.२५ भरते. बेल प्रयोगशाळेच्या स्टीफन राइस यांनी १९४० च्या दशकात रेडिओ आणि टेलिफोनच्या संदर्भात हे गणित मांडलं. त्यांच्याच नावानं या नॉइजला ‘रायशियन’ म्हणतात. १९९५ मध्ये गुडब्यार्टसन आणि पॅट्झ यांनी ते एमआरआयच्या चित्रांना नेमकं लावून दाखवलं.

याचा परिणाम एका उदाहरणानं स्पष्ट होईल. ठोका न देता मूळ संदेश २० आहे आणि नॉइज १ आहे असं धरा. संशोधनात वापरतात तसा बी ३००० चा जोरदार ठोका दिला. तंतूंच्या लांबीनं पाण्याचं विसरण १.५ आहे (एकक: एक हजारांश चौरस मिलिमीटर दर सेकंदाला), तर आडव्या दिशेनं ०.४. आडव्या दिशेला संदेश ६ उरतो, तो नीट मोजला जातो आणि उत्तर बरोबर ०.४ येतं. लांबीच्या दिशेला मात्र संदेश ०.२२ वर येतो, म्हणजे १.२५ च्या त्या खोट्या तळाच्या कितीतरी खाली. यंत्र तिथं सुमारे १.२७ दाखवतं. त्यावरून विसरण काढलं तर १.५ ऐवजी ०.९२ येतं. तंतू निरोगी असताना त्यांची दिशा पुसट झाल्याचं चित्र उभं राहतं.

आता या चित्रांची सरासरी शंभर वेळा घ्या. दाणे दहाव्या हिश्श्यावर येतील, आकडा मात्र १.२७ चा ०.२२ होणार नाही. तो १.२७ वरच, अधिक ठामपणे, उभा राहील. शेजारच्या व्हॉक्सेलशी सरासरी घेणारं स्मूदिंगही तेच करतं. दाणेदार चुकीला निदान आपण संशयानं पाहतो, गुळगुळीत चुकीवर विश्वास बसतो. म्हणूनच नॉइज कमी करण्याचं काम शक्य तेवढं सुरुवातीला, ते दोन आकडे एकत्र होण्यापूर्वी किंवा खोट्या तळाचं गणित लक्षात घेऊन करावं लागतं.

उलट दिशेची फसवणूकही आहे. एखाद्या ठिकाणी पाणी सर्व दिशांनी सारखंच फिरत असलं, तरी नॉइजमुळे प्रत्येक दिशेचं मोजमाप थोडं वेगळं येतं. गणित त्यातली सर्वांत मोठी दिशा ‘मुख्य’ ठरवतं. दिशेचा कल दाखवणारा ० ते १ मधला आकडा, ज्याला एफए म्हणतात, त्यामुळे शून्यावर कधीच येत नाही. बाटलीभर साध्या पाण्याचं स्कॅन केलं तरी थोडा एफए निघतोच. १९९६ मध्ये पिएरपाओली आणि बॅसर यांनी हा परिणाम दाखवून दिला. म्हणजे एकच नॉइज एका ठिकाणी खरी दिशा झाकतो आणि दुसऱ्या ठिकाणी नसलेली दिशा दाखवतो.

सरसकट पुसण्याची किंमत

सर्वांत जुनं आणि सोपं स्मूदिंग म्हणजे गॉसियन. प्रत्येक व्हॉक्सेलची किंमत शेजाऱ्यांच्या किमतींशी मिसळायची, जवळच्यांना जास्त वजन आणि लांबच्यांना कमी. किती लांबपर्यंत मिसळायचं हे मिलिमीटरमध्ये सांगतात.

समजा मेंदूच्या खोल भागात ५ मिलिमीटर व्यासाचा एक छोटा स्ट्रोक आहे. २ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलच्या चित्रावर तिन्ही दिशांनी ६ मिलिमीटरचं स्मूदिंग केलं. नॉइज सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो. त्या डागाचा मध्यावरचा उठाव मात्र पाचव्या हिश्श्याच्याही थोडा खाली येतो. वरवर पाहता हा फायद्याचा व्यवहार आहे, कारण डाग कमी झाला त्यापेक्षा नॉइज जास्त कमी झाला. आणि पार्श्वभूमी एकसारखी असती तर तो खरोखरच फायदा असता. रडारच्या अभियंत्यांनी फार पूर्वी सिद्ध केलंय की जी वस्तू शोधायची तिच्याच आकाराची गाळणी लावली तर ती नॉइजमधून सर्वांत चांगली उठून दिसते.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, मेंदू एकसारखा नाही. निरोगी ऊतीला लागूनच मोकळा द्रव आहे, आणि त्याचं विसरण ऊतीच्या जवळजवळ चौपट आहे. स्मूदिंग या दोघांना मिसळतं. फॉर्निक्ससारखं काही मिलिमीटर जाडीचं तंतूंचं जुडगं चहूबाजूंनी द्रवानं वेढलेलं असतं. त्यावर ६ मिलिमीटरचं स्मूदिंग केलं की त्याच्या आकड्यात द्रव शिरतो आणि तंतू झिजल्यासारखे दिसतात. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो आणि द्रवाची जागा वाढते. मग साध्या वयाच्या फरकालाही कुणी तंतूंचा आजार समजू शकतं.

दुसरी अडचण म्हणजे जे शोधायचं त्याचा आकार आधी ठाऊक नसतो. २००५ मध्ये डेरेक जोन्स आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची आणि निरोगी माणसांची तीच डिफ्युजन चित्रं घेतली आणि फक्त स्मूदिंगचं माप ० पासून १६ मिलिमीटरपर्यंत बदलत नेलं. प्रत्येक मापागणिक निष्कर्ष बदलले. काही मापांना दोन गटांत फरकच दिसला नाही, काहींना एका भागात दिसला, काहींना दुसऱ्याच. माणसं तीच, यंत्र तेच, आजार तोच. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या स्टीफन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी टीबीएसएस नावाची पद्धत आणली. तंतूंच्या जुडग्यांचा मधला कणाच तेवढा काढून त्याच्यावर तुलना करायची, म्हणजे स्मूदिंगचं माप मनानं ठरवण्याची वेळ कमी येते, हा तिचा एक मुख्य हेतू होता.

कडा ओळखून पुसणं

गॉसियन स्मूदिंगचं गणित आणि विसरणाचं गणित एकच आहे. चित्रातल्या प्रत्येक बिंदूची उजळता पाण्याच्या रेणूंसारखी आजूबाजूला पसरू दिली तर ठरावीक वेळानंतर जे चित्र उरतं, ते नेमकं गॉसियन स्मूदिंग केलेलं चित्र असतं. म्हणजे पाण्याचं विसरण दाखवणारं चित्र आपण विसरणानंच पुसतो. यातूनच एक उपाय सुचतो. मेंदूत पाण्याला पेशींची आवरणं अडवतात, तसं चित्रातल्या पसरण्याला कडांनी अडवायला हवं. पिएत्रो पेरोना आणि जितेंद्र मलिक यांनी १९९० मध्ये नेमकं हेच केलं. जिथं शेजारच्या दोन बिंदूंतला फरक मोठा, तिथं पसरण बंद. जिथं लहान, तिथं चालू. दोन वर्षांत गेरिग आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना एमआरआयला लावली.

तरीही एक प्रश्न राहतो. नॉइजचा एखादा मोठा दाणा आणि खरा बारीक डाग यांत फरक कसा करायचा? शेजार पाहून तो कळत नाही. म्हणून पुढच्या संशोधकांनी शेजारापलीकडे पाहायला सुरुवात केली. २००५ मध्ये बुआदेस, कोल आणि मोरेल यांनी ‘नॉन-लोकल मीन्स’ पद्धत मांडली. चित्रात एखाद्या तुकड्यासारखे दिसणारे तुकडे कुठंही असोत, ते शोधून त्यांची सरासरी घ्यायची. आज आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकवणारे सुयश आवटे यांनी २००७ मध्ये रॉस व्हिटेकर यांच्यासोबत एमआरआयसाठी याच वळणाची, पण संभाव्यतेच्या गणितावर उभी असलेली पद्धत प्रसिद्ध केली. चित्राच्या तुकड्यांमध्ये कुठले नमुने पुन्हा पुन्हा येतात ते चित्राकडूनच शिकायचं आणि त्या शिकण्यात रायशियन नॉइजचा वाकडेपणा पहिल्यापासून धरायचा, हे तिचं वैशिष्ट्य.

डिफ्युजनकडे मात्र बाकीच्या एमआरआयकडे नसलेली एक संपत्ती असते. एकाच मेंदूची तीस, साठ किंवा शंभर चित्रं, प्रत्येक वेगळ्या दिशेनं काढलेलं. मेंदूची रचना सगळ्यांत तीच असते, नॉइज प्रत्येकात वेगळा असतो. २०१६ मध्ये येले वेरार्ट, एल्स फिरेमान्स, दिमित्री नोविकोव आणि सहकाऱ्यांनी याचा उपयोग केला. मेंदूचा एक लहान तुकडा घ्यायचा, सर्व दिशांच्या चित्रांतले त्याचे आकडे एका तक्त्यात मांडायचे आणि त्यातले मुख्य कल वेगळे काढायचे. त्यातले किती कल खरे आणि किती निव्वळ नॉइज, हे डोळ्यांनी ठरवायची गरज नाही. मार्चेंको आणि पास्तुर या गणितज्ञांनी १९६७ मध्ये सिद्ध केलं होतं की निव्वळ नॉइजच्या तक्त्यातले कल एका ठरावीक मर्यादेतच राहतात. मर्यादेबाहेरचं ठेवा, आतलं टाका. शेजाऱ्यांना मिसळून घेण्याची वेळच येत नाही, त्यामुळे कडा बऱ्याच अंशी शाबूत राहतात. शिवाय नॉइज किती आहे याचा नकाशाही हाती लागतो. अनेक कॉइलनी वेगानं घेतलेल्या चित्रात नॉइज डोक्याच्या मध्यभागी जास्त असतो. सगळीकडे सारखंच पुसणाऱ्या पद्धतीला याचा पत्ताच नसतो.

२०२० मध्ये श्रेयस फडणवीस, जोशुआ बॅटसन आणि एलेफ्थेरियोस गारिफालिडिस यांनी ‘पॅचटूसेल्फ’ ही पद्धत मांडली. एका दिशेचं चित्र बाजूला ठेवायचं आणि बाकीच्या दिशांवरून ते कसं असेल याचा अंदाज बांधायचा. मेंदूची रचना सगळ्या चित्रांत समान असल्यानं तिचा अंदाज बांधता येतो. नॉइज स्वतंत्र असतो, त्याचा अंदाज बांधताच येत नाही. म्हणून जेवढं अंदाजात उतरलं तेवढं खरं मानायचं. यासाठी ‘स्वच्छ’ चित्रांचा नमुना लागत नाही. ही पद्धत आणि तिच्यासारख्या कितीतरी पद्धती ‘डायपाय’ या मोफत संगणकप्रणालीत कुणालाही वापरता येतात.

पाखडलेलं तपासा

मराठवाड्यात तूर पाखडणारी जाणती बाई सुपात काय राहिलं यापेक्षा खाली काय पडलं ते आधी बघते. भुशाबरोबर दाणे जात असतील तर हात बदलते. नॉइज पुसण्याची चोख परीक्षा हीच आहे. मूळ चित्रातून पुसलेलं चित्र वजा करायचं आणि उरलेलं पाहायचं. उरलेल्यात नुसता क्रम नसलेला दाणेदारपणा असेल तर पद्धतीनं तिचं काम केलं. त्यात मेंदूच्या वळ्या, पोकळ्यांच्या कडा किंवा डागाची धूसर आकृती दिसली, तर आपण मेंदूच फेकून दिला. पुसलेलं चित्र किती सुरेख दिसतं याला या परीक्षेत एकही गुण नाही.

कामांच्या क्रमालाही तितकंच महत्त्व आहे. नॉइज काढण्याचं काम सर्वांत आधी, यंत्रातून आलेल्या कच्च्या चित्रांवर व्हायला हवं. डोकं हललेलं दुरुस्त करताना किंवा चित्र दुसऱ्या साच्यात बसवताना संगणक व्हॉक्सेलच्या किमती शेजाऱ्यांशी मिसळतो. एकदा तसं झालं की एका व्हॉक्सेलचा नॉइज दुसऱ्यापासून स्वतंत्र राहत नाही, आणि मार्चेंको-पास्तुरचा नियम काय किंवा पॅचटूसेल्फ काय, दोन्हींचा पाया स्वातंत्र्यावरच आहे.

नांदेडहून मिळालेला एक धडा

नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. तिच्यात वैद्यकीय चित्रांवरचं संशोधन बरीच वर्षं चालतंय. तिथं मेंदूतल्या गाठींच्या एमआरआयवर काम केलेले उज्ज्वल बैद पुढं अमेरिकेत गेले. मेंदूतल्या ग्लायोमा गाठी संगणकानं आखण्याची जगभरची स्पर्धा, ब्रॅट्स, हिचा २०२१ चा सविस्तर आराखडा प्रसिद्ध झाला, त्याचे पहिले लेखक ते आहेत. त्या वर्षी स्पर्धेसाठी २,०४० रुग्णांची चित्रं तयार करण्यात आली होती.

ही चित्रं डिफ्युजनची नव्हती. पण ती तयार करणाऱ्या संशोधकांचा एक निर्णय आपल्या विषयाला नेमका लागू होतो. एमआरआयच्या चित्रात उजळता सगळीकडे सारखी नसते आणि ती सारखी करणारी एक लोकप्रिय पद्धत आहे. ब्रॅट्सच्या संशोधकांना दिसलं की ती लावली की गाठीभोवतीच्या सुजेची, फ्लेअर नावाच्या (सूज उजळ दाखवणाऱ्या) एमआरआय चित्रावरची खूण पुसली जाऊ शकते. म्हणून त्यांनी ती पद्धत चित्रं एकमेकांवर बसवण्यापुरती, मधल्या पायरीवर वापरली आणि अंतिम चित्रं तिच्याविना दिली. गाठ शोधणाऱ्या संगणकाला थोडं असमान पण खरं चित्र देणं त्यांनी पसंत केलं. सूज ही चित्रातली ‘असमानता’च असते. समानता आणणाऱ्या पद्धतीला आजार आणि दोष यांत फरक करता येत नाही. स्मूदिंगलाही येत नाही.

मग लातुरात काय करायचं

चित्र तीन वेगवेगळ्या कामांसाठी काढलं जातं आणि प्रत्येक कामाचं उत्तर वेगळं आहे.

पहिलं काम स्ट्रोकचं. इथं बी १००० चं मूळ चित्र आणि त्यासोबत विसरणाचा एडीसी नकाशा, दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे. पांढरा डाग एडीसीवर काळा असेल तर तो ताजा स्ट्रोक. एडीसीवरही उजळ असेल तर बहुधा जुन्या सुजेची चमक. रेडिओलॉजिस्टचा सरावलेला डोळा दाण्यांतून डाग वेगळा काढू शकतो, पुसून गेलेला डाग परत आणू शकत नाही. म्हणून इथं ज्यादा स्मूदिंग नको. झोपेतून उठतानाच लकवा मारलेला दिसला तर तो कधी मारला हे कुणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी डाग डिफ्युजनवर दिसतो पण फ्लेअरवर अजून नाही, या फरकावरून गुठळी विरघळवणारं औषध देता येईल का हे ठरवता येतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीनं हा मार्ग उघडला. दोन चित्रांतल्या पुसट फरकावर औषध अवलंबून असताना त्यातलं एक चित्र आधीच गुळगुळीत करणं परवडणारं नाही.

दुसरं काम गाठीच्या शस्त्रक्रियेपूर्वी तंतूंच्या वाटा रेखाटण्याचं. इथं वेळ असतो, दिशा जास्त असतात आणि रेखाटणारं गणित नॉइजला फार नाजूक असतं. एका व्हॉक्सेलमध्ये दिशा चुकली की पुढची सगळी वाट चुकते. इथं कच्च्या चित्रांवर नॉइज काढण्याची चांगली पद्धत लावणं आणि उरलेलं तपासणं आवश्यकच आहे.

तिसरं काम संशोधनाचं, म्हणजे दोन गटांतल्या सरासरी फरकाचं. इथं थोडं स्मूदिंग चालतं. पण त्याचं माप निकाल पाहण्यापूर्वी ठरलेलं हवं आणि दोन-तीन मापांवर निकाल टिकतो का ते दाखवायला हवं.

या तिन्ही कामांना एकच गोष्ट लागते, कच्ची माहिती. फिल्मवर छापलेलं चित्र बहुतेक वेळा यंत्रानं आधीच फुगवून गुळगुळीत केलेलं असतं. १२८ ओळींत मोजलेलं चित्र २५६ ओळींत दाखवणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे, त्यानं नवी माहिती काहीच येत नाही. फिल्मवरून एडीसी पुन्हा काढता येत नाही, नॉइज मोजता येत नाही, कुठलीही नवी पद्धत लावता येत नाही. पुढच्या उपचारासाठी पुण्याला, सोलापूरला किंवा हैदराबादला निघालेल्या घरच्यांनी फिल्म आणि रिपोर्टसोबत सीडी मागून घ्यावी. सीडीवर डिफ्युजनची मूळ चित्रं आणि एडीसी दोन्ही आहेत का, हे टेक्निशियनला तिथंच विचारावं. स्कॅन सेंटरांनी कच्च्या मोजणीची प्रत निदान काही महिने जपून ठेवावी.

नॉइज काढण्याच्या आजच्या उत्तम पद्धती मोफत आहेत, साध्या संगणकावर चालतात आणि त्यांचं गणित समजणारे विद्यार्थी विष्णुपुरीत आहेत. जवळच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. इथल्या यंत्रांवर, इथल्या रुग्णांच्या घाईत काढलेल्या चित्रांचा नॉइज कसा आहे हे मोजायला परदेशातल्या ३ टेस्लाच्या शांत चित्रांचा उपयोग नाही. पाण्यानं भरलेली एक बाटली दर आठवड्याला स्कॅन करून तिचा एडीसी आणि एफए वहीत लिहून ठेवला, तरी आपल्या यंत्रातल्या नॉइजचा अंदाज येतो. तो अंदाज हाती असलेल्या रेडिओलॉजिस्टला किती पुसायचं हे विक्रेत्याच्या ठरवून दिलेल्या बटणावर सोडावं लागणार नाही.